त्याला धरण्याला न्यावं का? कोल्हापुरातल्या एका वकिलाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विद्यापीठात शिकणारे तुम्ही दहा-बारा जण रखडलेल्या शिष्यवृत्तीसाठी जिल्हाधिकारी कचेरीसमोर धरणं धरणार आहात. गटातला एक मुलगा शिरोळ तालुक्यातल्या फासेपारधी वस्तीवरचा आहे आणि त्याच्या चुलत्याला पोलीस अधूनमधून उचलून नेतात. एक मुलगी मुस्लिम आहे. यावरून गटात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, अमेरिकेत काळ्या आंदोलकांचं जे होतं ते तिकडचं, आपल्याकडे कायदा सगळ्यांना सारखा, तेव्हा सगळ्यांनी यायचं. दुसरा म्हणतो, या दोघांनी घरी थांबावं, उगाच त्यांच्या मागं लचांड नको. कोण बरोबर?

दोघंही चुकताहेत, पहिला जरा जास्त. धोका सारखा नसतो. फौजदारी बाजूला वकिली करताना हे इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर वाद घालायची हौस आता उरलेली नाही. पण दुसऱ्या तटाचंही मला पटत नाही. 'तुझ्या भल्यासाठी तू येऊ नकोस' असं म्हणून आपणच त्याला वगळलं तर पोलिसांना वगळायचे कष्टही घ्यावे लागत नाहीत.

आधी साध्या आंदोलकाचं काय होतं ते बघू. कोल्हापूर हे आंदोलनांचं गाव. टोल, ऊसदर, खंडपीठ, मराठा आरक्षण, शक्तिपीठ महामार्ग, काय काय झालं इथं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा बंदी आदेश जिल्ह्यात वर्षातला बराच काळ लागू असतो. एका आदेशाची मुदत पंधरा दिवस. ती संपते न संपते तोवर सण, यात्रा किंवा निवडणूक बघून नवा निघतो. म्हणजे तुम्ही पाच-सहा जण घोषणा देत उभे राहिलात की कागदावर आदेशभंग झालाच. तरी बहुतेक वेळा काय होतं? पोलीस गाडीत घालतात, मैदानावर नेऊन बसवतात, नावं-पत्ते लिहून घेतात, कोणीतरी चहा सांगतं आणि संध्याकाळी पोलीस अधिनियमाच्या '६८-६९ खाली ताब्यात घेऊन सोडून दिले' अशी नोंद होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. प्रकरण मोठं असेल तर भारतीय न्याय संहितेचं १८९ म्हणजे बेकायदा जमाव, २२३ म्हणजे आदेशभंग आणि पोलीस अधिनियमाचं १३५ लागतं. मग काही वर्षं तारखा पडतात आणि कधीतरी राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचा शासन निर्णय निघतो.

टोलचं आंदोलन आठवा. एन. डी. पाटील सर ऐंशी ओलांडलेले, शेजारी कॉम्रेड गोविंद पानसरे. जानेवारी २०१४ मध्ये नाकेही पेटले. शेवटी टोल गेला. कोल्हापूरकराच्या डोक्यात आंदोलनाचं हे चित्र पक्कं आहे, म्हणून 'काय होतंय? एक केस पडली तर पडली' हा त्याचा सूर असतो. त्याच्यासाठी ती केस मिरवायची गोष्ट असते. पुढं नगरसेवकपदाला उभं राहायचं असेल तर कामालाही येते.

आता त्याच गाडीतून त्याच मैदानावर उतरलेला तुमचा मित्र बघा. नावं लिहून घेण्याच्या टेबलाजवळ मी अनेकदा उभा राहिलोय. हवालदार मान वर न करता विचारतो, नाव? पाटील. लिहिलं. चौगुले, मगदूम, कुलकर्णी. लिहिलं, पुढं चला. मग एक पोरगा म्हणतो, 'पवार.' पवार, काळे, भोसले, चव्हाण ही आडनावं पारध्यांतही आहेत, हे ठाण्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. बोलण्याचा हेल जरा वेगळा वाटला की हवालदाराची मान वर होते. 'कुठला पवार?' गाव सांगितलं की 'गावात कुठं?' वस्ती सांगितली की 'बाप काय करतो?' आणि मग तो प्रश्न येतो, जो मगदूमला कोणी विचारला नाही: 'याआधी कधी आलावतास काय?' पेन खाली ठेवलं जातं, मागं बसलेल्या साहेबाकडे एक नजर जाते. रांग तिथं थांबते. शिवी नाही, काठी नाही. पण त्या पोराच्या नावापुढं एक छोटी खूण होते आणि बाकीच्यांना सोडताना 'तू थांब जरा' असं त्याला ऐकवलं जातं.

हवालदार दुष्ट असतो म्हणून हे होतं असं समजू नका. माझ्या ओळखीचे कित्येक पोलीस सज्जन आहेत आणि त्यांतले काही स्वतः अशाच वस्त्यांतून आलेत. ही कामाची सवय आहे. घरफोडी झाली, तपास लागत नाही, वरून 'गुन्हा उघडकीस आणा' असा रेटा आहे. अशा वेळी नव्यानं शोधण्यापेक्षा जुनी यादी उघडणं सोपं, आणि यादीत कोण आहे हे ठरलेलं. एकदा उचललं की नोंद होते, नोंद झाली की पुढच्या वेळी उचलायला तेच कारण होतं. तुमच्या मित्राचा चुलता या चरकात सापडलाय.

या सवयीला इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून जन्मानंच माणसं गुन्हेगार ठरवली. हजेरी, पास, काही ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या आत वसाहती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून आपण त्यांना विमुक्त म्हणतो. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ चा. जात गेली, 'सराईत' आला, आणि रजिस्टरातली बरीचशी नावं त्याच घरांतली राहिली. कोल्हापूरकरांनी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी. महार, मांग, रामोशी, बेरड यांनी रोज हजेरी द्यायची ही पद्धत शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्येच बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी पहारेकऱ्याची कामं दिली. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का, त्यांच्याच हाती राखण. आपण मिरवणुकीत नाव घेतो ते या राजाचं.

शिक्का किती खोल जातो, याचं महाराष्ट्रातलं एक प्रकरण सांगतो. भटक्या जमातीतल्या सहा जणांना खून आणि बलात्काराच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा कायम केली किंवा सुनावली. त्याच न्यायालयानं आपला निकाल मागे घेऊन प्रकरण नव्यानं ऐकलं आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला राज्याला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. प्रत्यक्षदर्शीनं पोलिसांकडच्या फोटोंतून ओळखलेली माणसं वेगळीच होती आणि त्यांच्याकडे तपास वळलाच नाही, हे त्या निकालात लिहिलेलं आहे.

अमेरिकेचं तुम्ही विचारलंत म्हणून. तिथं प्रश्न वंशाचा आहे आणि तो आपल्या जातीच्या प्रश्नावर जसाच्या तसा बसत नाही. गुलामगिरी, वेगळ्या शाळा, वेगळ्या वस्त्या ही त्यांची वाट. मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं गुडघा ठेवला आणि तो मेला, ते चित्रण जगानं पाहिलं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याआधीची आकडेवारी. मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन हे छोटं गाव. तिथं काळ्यांची वस्ती ६७ टक्के, पण २०१२ ते २०१४ या काळात पोलिसांनी थांबवलेल्या वाहनचालकांत काळे ८५ टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के. हे त्यांच्याच न्याय खात्यानं २०१५ मध्ये छापलं. न्यू यॉर्कच्या पोलिसांनी २०११ या एका वर्षात ६ लाख ८५ हजारांवर वेळा माणसं रस्त्यात अडवली. त्यांत काळे आणि लॅटिनो बहुसंख्य, आणि दहातल्या जवळजवळ नऊ वेळा काहीच सापडलं नाही. २०१३ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

हे सिद्ध करता आलं, कारण अडवलेल्या माणसाचा वंश तिथं लिहिला जात होता. आपल्याकडे तावडे हॉटेलजवळ नाकाबंदी लागली आणि दहा गाड्यांतून एकच बाजूला घेतली, तर ती कोणाची होती याची कुठंही नोंद नसते. तुरुंगांची वार्षिक आकडेवारी येते. तीत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास मिळून देशभरातल्या कैद्यांचा आकडा दोन-तृतीयांशाच्या आसपास दिसतो, पण विमुक्तांचा वेगळा रकानाच नाही. म्हणून 'आपल्याकडे तसं नसतं' हे वाक्य इतक्या सहज बोलता येतं.

आता कायद्याच्या कामाचं बोलतो. धोका काठीत कमी आणि नंतरच्या कागदात जास्त आहे. त्या कागदाची साखळी एकदा नीट समजून घ्या.

मोर्चाचा गुन्हा दाखल होतो तेव्हा फिर्यादीत आठ-दहा नावं असतात आणि पुढं लिहिलेलं असतं, 'व इतर १०० ते १५० अनोळखी इसम'. हे अनोळखी इसम नंतर ओळखीचे होतात. पोलिसांच्या गोपनीय शाखेच्या कर्मचाऱ्यानं मोबाईलवर काढलेलं चित्रण असतं, पण चेहरे शंभर आणि ओळखणारा एक. तो कोणाला ओळखेल? ज्याला आधीपासून ओळखतो त्याला. दगड कोणी मारला हे दिसत नसेल तरी संहितेचं कलम १९० सांगतं की जमावाचा उद्देश एक असेल तर एकाच्या कृत्याला सगळे जबाबदार. म्हणजे तुमचा मित्र नुसता मागं उभा असला तरी त्याचं नाव घालायला कायद्यात जागा आहे. कुलकर्णीचं नाव घालायलाही आहेच. पण कुलकर्णीच्या वडिलांचा फोन येणार, हे घालणाऱ्याला ठाऊक असतं. त्यातच रेटारेटीत एखाद्या पोलिसाची नेमप्लेट तुटली की सरकारी कामात अडथळ्याचं कलम १३२, तेही अजामीनपात्र.

पुढची कडी चॅप्टर केसची, म्हणजे गुन्हा होण्याआधीच केलेल्या प्रतिबंधक कारवाईची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. जुनं ११०, आता १२९. तहसीलदार किंवा प्रांतांसमोर उभं करतात आणि शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड, वर जामीनदार मागतात. जामीनदाराचा सातबारा लागतो, घरफाळ्याची पावती लागते. गायरानात झोपडी असलेल्यानं सातबारा आणायचा कोणाचा? सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात एका गवंड्याच्या निमित्तानं विचारलं होतं की गरिबाला न झेपणारा जामीन मागून काय साधता. सध्याच्या कायद्यातही, जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन आहे असं समजून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडायचं आहे. हे वाक्य अर्जात आपण लिहायला लागतं. आपणहून कोणी आठवण काढत नाही.

शेवटची कडी तडीपारीची, आणि तिच्याबद्दल विद्यार्थ्यांना काहीच माहीत नसतं. पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली प्रांत माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवू शकतात. प्रस्तावात गुन्ह्यांची जंत्री असते आणि साक्षीदारांचे 'गोपनीय' जबाब. ते कोण हे तुम्हाला कळत नाही. चौगुलेच्या खात्यावर मोर्चाचा एक गुन्हा असेल तर तो एकच राहतो. तुमच्या मित्राच्या खात्यावर समजा आधी संशयावरून दाखवलेली एखादी चोरी आणि एक चॅप्टर असेल, तर मोर्चाचा गुन्हा हा तिसरा होतो आणि प्रस्तावाला वजन येतं. शिवाय चौगुलेचा गुन्हा शासन निर्णयानं कधीतरी निघून जाईल. चोरीचा संशय सामाजिक आंदोलनात मोडत नाही, तो राहतोच. एकाच दिवसाचं, एकाच जागेचं धरणं, पण दोघांच्या कागदावर त्याचा अर्थ दोन तऱ्हेचा होतो. तुमच्या पहिल्या तटाला माझं सांगणं एवढंच.

न्यायालयांनी याला लगाम घातलेला आहे आणि तो वापरायचा असतो. अमरावतीत माहितीचे अर्ज टाकून आणि तक्रारी करून अधिकाऱ्यांना नकोसा झालेल्या एका माणसाची तडीपारी सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केली. जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या प्रकरणात सांगितलं की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, सरसकट वापरायचा नाही. मे २०२४ च्या अमानतुल्ला खान निकालात गुन्हेगारांच्या इतिहासपत्रकाबद्दल बजावलं की केवळ मागास आणि वंचित समाजातला आहे म्हणून कोणाचं नाव यांत्रिकपणे त्यात घालू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदाच्या प्रकरणात तर थेट विमुक्तांचं नाव घेऊन पोलिसांना सांगितलं की त्यांना मनमानीनं अटक होता कामा नये. हे निकाल ठाण्याच्या भिंतीवर लागत नाहीत, पण अर्जात टाकले की लिहिणाऱ्याचा हात थोडा थबकतो. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. आमच्या आंदोलनाचं यश म्हणून नाही सांगत, पण तडीपारीविरुद्ध शासनाकडे तीस दिवसांत अपील करून ते फेटाळलं गेलं तर शिरोळच्या माणसाला मुंबईचा खर्च आता पडत नाही. आधी तिथंच कित्येक जण गळायचे.

तर आता तुमच्या मित्राचं. निर्णय त्याचा आहे. गटाच्या बैठकीत 'येणार का नाही' असं सगळ्यांदेखत विचारू नका. तसं विचारलं की विशीतलं पोरगं 'येणारच' म्हणतं. एकानं बाजूला बसून त्याला वरची साखळी सांगा आणि मग विचारा: तुझ्या स्वतःच्या नावावर काही आहे का? कधी बोटांचे ठसे घेतलेत का? सध्या कोणता बाँड चालू आहे का? बाँड चालू असेल आणि त्या काळात नवा गुन्हा नोंदला गेला तर बाँड मोडला म्हणून आत टाकता येतं, तेव्हा त्यानं त्या दिवशी रस्त्यावर बसू नये असं मी स्पष्ट म्हणेन. ठसे आधी दिले नसतील तर हेही सांगा की २०२२ च्या ओळख कायद्यानुसार घेतलेली मापं ७५ वर्षं ठेवता येतात. अटकेपेक्षा मला ही गोष्ट जास्त भीतीदायक वाटते.

तो येतो म्हणाला तर धोका वाटून घ्यायचं काम तुमचं. मे २०२० मध्ये लुइव्हिल शहरात गोऱ्या बायका हातात हात घालून पोलीस आणि काळे आंदोलक यांच्यामध्ये रांगेनं उभ्या राहिल्या होत्या. तसं नाट्य इथं करायची गरज नाही, पण अक्कल तीच. पोलिसांना द्यायच्या पत्रावर आयोजक म्हणून ज्यांच्या घरी वकील, शिक्षक, शेतमालक आहेत अशांच्या सह्या घ्या. भोंगा त्यांच्या हाती. पुढच्या रांगेत एक-दोन साठी ओलांडलेले निवृत्त प्राध्यापक बसवा. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीवरच्या माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ च्या सातव्या पोटकलमात तसं आहे. कोल्हापुरात असे प्राध्यापक मिळायला अडचण पडत नाही, उलट आवरायला लागतात.

आणि तुमच्या मित्राला मागं लपवू नका. निवेदन द्यायला पाच जण आत जातात त्या शिष्टमंडळात त्याचं नाव पहिलं घाला. कलेक्टरांच्या टेबलासमोर बोलायचं काम त्याचं. शिष्यवृत्ती रखडली की काय होतं हे त्याच्याइतकं तुमच्यात कोणाला ठाऊक आहे? दिवसातली सगळ्यात सुरक्षित जागा ती, आणि सगळ्यात मानाचीही. रस्त्यावरची जोखीम इतरांनी घ्यायची, बोलणं त्यानं करायचं. गट बहुतेक वेळा नेमकं उलटं करतात.

ताब्यात घेतलंच तर एक नियम आधी ठरवून टाका: सगळे सुटल्याशिवाय कोणी मैदान सोडायचं नाही. 'तुम्ही निघा, याला जरा विचारपूस करायची आहे' असं म्हटलं की सगळ्यांनी परत खाली बसायचं आणि बाहेरच्या वकिलाला फोन करायचा. मी पाहिलेल्या वाईट प्रकरणांपैकी बहुतेक त्या शेवटच्या तासात घडलीत, जेव्हा बाकीचे घरी जेवायला गेले होते. किती वाजता गाडीत घातलं, गाडीत कोण होतं हे लिहून बाहेर एकाकडे पाठवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःचं सलग चित्रण करा. अनोळखी इसमांच्या यादीला उत्तर तेच. अटक दाखवली तर कारण लेखी मागा. अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही हवी, घरी कळवलेलं हवं, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांसमोर नेलेलं हवं. सीपीआर या सरकारी दवाखान्यात वैद्यकीय तपासणीला नेतात तेव्हा अंगावर मार असेल तर डॉक्टरला सांगायचा, आणि कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायचा. पोरं तिथं गप्प बसतात, कारण नेणारा पोलीस दोन हातांवर उभा असतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळं त्याला अटकेआधीही विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न बघता मोफत मिळतो. ऑफिस जिल्हा न्यायालयातच आहे. खोट्या गुन्ह्यात गोवलं तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३ त्याच्या बाजूनं आहे. राजपारधी, कंजारभाट, वडार हे विमुक्त जातींच्या यादीत असल्यानं त्यांना मात्र तो कायदा लागत नाही, ही मोठी फट आहे.

नंतर आठवड्याभरानं 'साहेबांनी जरा बोलावलंय' असा फोन आला तर जायचं नाही असं मी म्हणत नाही. पण ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, लेखी नोटीस मागायची, ती घेऊनच जायचं, आणि एकट्यानं नाही.

जामीनदार आजच ठरवा. गटातल्या कोणाच्या तरी वडिलांचा सातबारा आणि आधारची प्रत माझ्यासारख्या एखाद्या वकिलाकडे आधी देऊन ठेवायची. बाकी सगळं भाषणात बोलता येतं, पण स्वतःच्या बापाला दुसऱ्या जातीच्या पोरासाठी जामीन राहायला लावणं हे अवघड काम आहे, आणि तुमच्या गटाची परीक्षा तिथं होईल.

त्या मुलीबद्दल थोडक्यात. पोलिसांच्या बाजूनं तिला काही संरक्षण आहे. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तिची जोखीम मला नंतरच्या मोबाईलवरच्या फोटोंची वाटते. ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून शिवाजी चौकात कशी दगडफेक झाली आणि १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या नावाखाली गजापुरात मुस्लिमांची घरं कशी फुटली, हे तिच्या घरचे विसरलेले नाहीत. लाठीमार आणि गुन्हे दगड मारणाऱ्यांवरही झाले होते, हे खरं. पण माझ्याकडे येणाऱ्या मुस्लिम पालकांचा पहिला प्रश्न अजून तोच असतो: पोराच्या मोबाईलमध्ये काय ठेवू नये? तिनं यायचं तर यावं. तिचा एकटीचा फोटो कोणी टाकू नये, फलकावर शिष्यवृत्तीशिवाय दुसरा विषय येऊ देऊ नये, आणि कोणी बाहेरचा झेंडा घेऊन घुसला तर धरणं तिथंच थांबवावं.

राहिला नोकरीचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी विचारलाय. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत तो दिसणार. अर्जातल्या रकान्यात तो खरा लिहायचा. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग निकालात लपवाछपवी आणि किरकोळ गुन्हा यांत फरक केलाय, आणि घोषणा दिल्याचा गुन्हा हे किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण म्हणून त्यातच दिलंय. लपवलं तर मात्र किरकोळ गुन्हाही नडतो. ६८-६९ खाली ताब्यात घेऊन सोडलं असेल तर तो गुन्हा नव्हे. तरी सोडताना स्टेशन डायरीतल्या नोंदीचा नंबर विचारून घ्या, विशेषतः त्याच्या नावाचा. पत्राची पोच शिक्क्यासह घ्या, दोन प्रती करा, आणि एक माझ्याकडे आणून द्या.